लाल धाग्याचे चार दोर

“डोळे मीट. मिटलेस? लबाडी नको, पापणी थरथरतेय. आता सांग, कुठं दुखतंय त्याला?”

आईचा हा आवाज मी सात वर्षांची असताना पहिल्यांदा ऐकला. तिचा आवाज त्याआधीही ऐकलाच असणार, पण हा वेगळा होता. कामाचा, खालच्या पट्टीतला. डॉक्टर पोट दाबताना बोलतात तसा. माझ्या दोन्ही मुठींतून वाखाचा जाड दोर सरकत होता, पलीकडून आई तो हळूहळू ओढून घेत होती, आणि त्याला कुठं दुखतंय ते मी सांगायचं होतं. मला तर तो सगळीकडे सारखाच खरखरीत लागत होता. काहीतरी म्हणायचं म्हणून मी म्हटलं, “इथं.”

आईनं तिथला पीळ सैल करून बघितला. तिन्ही पेड धडधाकट.

“इथं त्याला गुदगुल्या होत असतील,” ती म्हणाली. “आणि दुखतंय ते हे.” तिनं चार हात मागचा दोर पुढं घेतला आणि पेड फाकवले. आत, अगदी पोटात, काडीएवढी जागा काळी पडली होती. बोट लावलं तर भुसा झाला. “हे आत्ता तुझ्या हातातून गेलं. तू जाऊ दिलंस.”

ती रागावली नव्हती. पण त्या दिवशी माझ्या तळव्यांना जी भीती चिकटली ती अजून सुटलेली नाही.

माझे वडील रंगारी होते, उंच इमारतींचे. दोन दोरांवर टांगलेली फळी, कमरेला तिसरा दोर, शेजारी बादलीचा चौथा. मी चार वर्षांची आणि दादा नऊ वर्षांचा असताना ते पडले. दोर दुकानातून आणलेला, बाहेरून नवाकोरा. आतून कसा होता ते कुणी बघितलं नव्हतं, कारण बघायची पद्धतच नव्हती. आई त्यानंतर दोर वळायच्या शेडमध्ये कामाला लागली. लांबच लांब पत्र्याची शेड, एका टोकाला चाक. कमरेला वाखाचा झुपका बांधायचा, त्याचे धागे चाकाला अडकवायचे आणि बोटांनी वाख सोडत सोडत मागं मागं चालत जायचं. आयुष्यभर ती अशी उलटी चालली. समोरचा न्हावी तिला चिडवायचा, “दोरमावशी, जन्मभर उलटी चाललीस, पोचलीस कुठं?”

“तुम्ही सरळ चालून कुठं पोचलात?” ती म्हणायची. “माझ्याच दारात ना!”

पुढं शेड तिच्याच हातात आली. वर चढणाऱ्या माणसासाठीचा प्रत्येक दोर ती स्वतः तपासायची. डोळे मिटून, वीतवीत पुढं सरकत, तोंडानं काहीबाही गुणगुणत. ते तिचं स्वतःचंच असायचं, बोटांबरोबर सुचलेलं.

*दोराच्या पोटात गं, तीन पेड एका ठायी,
एक जरी रुसला गं, दोघांमध्ये बळ नाही.*

दोर पास झाला की ती टोकाच्या पिळात लाल धागा ओवून गाठ मारायची. पहिले धागे वडिलांचा लाल स्वेटर उसवून काढले होते. एका स्वेटरचे धागे चार वर्षं पुरले. मग विकतची लोकर आली, पण रंग तोच. या भागातले रंगारी, काचा पुसणारे, धुराड्यांत उतरणारे, कुणीही लाल धागा बघितल्याशिवाय फळीवर पाय ठेवत नसत. कारखान्यातले नायलॉनचे दोर आले, स्वस्त आले, तरी हे लोक आमच्याकडेच येत राहिले. “नायलॉनला मावशीची बोटं कुठं लागलीत?” म्हणत.

माझी मुलगीही त्यातलीच. लहानपणापासून दारं, कपाटं, भिंती, जे दिसेल त्यावर चढायची म्हणून आजीनं तिचं नाव खार ठेवलं. तिचे वडील बोटीवर असतात, वर्षातून दोनदा घरी येतात. खारीला वाढवलं ते आईनं आणि मी. एकविसाव्या वर्षी ती मुकादमांच्या टोळीत रंगारी झाली. मी दोन दिवस जेवले नाही.

“उपाशी राहून काय मिळवलंस?” आई म्हणाली. “तिला खाली बांधून ठेवलीस तर ती तुझी नजर चुकवून चढेल, कुणाच्याही दोरावर. त्यापेक्षा माझ्या दोरावर चढू दे.”

खार पहिल्यांदा वर गेली तेव्हा आई शेडच्या दारात बसून होती, हातात काही काम न घेता. असं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

*वर गेलं लेकरू गं, खाली जीव टांगला,
माझ्या हाताचा पीळ गं, त्याच्या कमरेला बांधला.*

आणि मग, दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ. आईनं चुलीवरून चहाचं पातेलं उतरवलं. फडकं नाही, सांडशी नाही, दोन्ही हातांनी सरळ. उकळता चहा तिनं चार कपांत सावकाश ओतला, पातेलं खाली ठेवलं, साखर ढवळली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

“अशी काय बघतेस भूत बघितल्यासारखी?”

“आई, हात बघू.”

तिच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती. संध्याकाळपर्यंत त्यांना फोड आले. साखरेच्या आजारानं नसा जातात, डॉक्टरांनी नंतर सांगितलं; पण मला तेव्हाच कळलं होतं, आणि डोक्यात एकच गोष्ट आली. खार त्या वेळी गोदामाच्या भिंतीवर होती. सहा मजले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी शेडमध्ये गेले आणि खुंटीवरचे लाल धाग्याचे दोर एकेक करून हातातून काढले. सहा होते. पाचव्याला दुखत होतं. पेड फाकवले, तर आतला एक पेड अर्धा तुटलेला. मी जमिनीवर बसले.

आई मागं कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिनं दोर माझ्या हातातून घेतला, तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दोर डोळ्यांनी बघितला.

त्या दोराचा लाल धागा तिनं सोडून घेतला. शेवटी म्हणाली, “आजपासून तू बघत जा. धागा मी बांधते.”

“आई, आपण सांगून टाकू. मुकादमांना, खारीला.”

“खारीला नाही.” तिचा आवाज चढला. “कुणालाच नाही, पण खारीला तर नाहीच. ती वर नाचते ती कशाच्या जिवावर? आजीनं बघितलंय, एवढ्यावर. ते काढून घेतलंस तर तिचा पाय लटपटेल. पाय लटपटला की दोर कितीही चांगला असो, काही उपयोग नाही. शब्द दे.”

मी शब्द दिला.

तेव्हापासून आमचं असं चालायचं. संध्याकाळी आई लोकांसमोर पहिल्यासारखीच डोळे मिटून दोर बघायची, धागा ओवायची आणि डाव्या खुंटीला अडकवायची. पहाटे, शेडमध्ये कुणी नसताना, मी ते उतरवून पुन्हा तपासायचे. चांगला असला की उजव्या खुंटीला, दाराजवळ. नसला तर त्याचा धागा सोडून तेवढ्याच लांबीच्या चांगल्या दोराला बांधायचा आणि खराब दोर तोडून टाकायचा. गिऱ्हाइकाला द्यायचा तो उजव्या खुंटीवरचाच. दोन वर्षांत दीडशेच्या वर दोर माझ्या हातांतून गेले. त्यांतले अकरा मी काढले. माझे हात आईसारखे नव्हते. त्यांना उशीर लागायचा, एकेका दोराला मी तीन तीन वेळा डोळे मिटायचे. पण चूक झाली नाही. अजून तरी.

आई गेली त्याला आज तीन आठवडे झाले. एका संध्याकाळी तिनं चार दोर बघितले, धागे ओवले, डाव्या खुंटीला लावले आणि तिथंच खाली बसली. मी तिला दवाखान्यात नेलं. नऊ दिवस मी तिच्या खाटेशी होते. शेडची किल्ली रजा काढून आलेल्या दादाकडे दिली होती; आई गेल्यावरही ती त्याच्याकडेच राहिली, माझं पाऊल शेडकडे वळेना. दादा दुसऱ्या गावी नोकरी करतो, विमा कचेरीत. दोरातलं त्याला काही कळत नाही. किल्ली देताना मी त्याला म्हटलं होतं, “कुणी आलं तर थांबायला सांग.” मला वाटलं, एवढं पुरे.

आज रविवार. आईच्या आठवणीसाठी दादानं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं होतं, अकरा वाजता. चाक पुसून ठेवलं होतं. खुर्च्या शाळेतून आणल्या होत्या. चाळीसएक माणसं आली. त्यांतली निम्मी वर चढणारी, रुंद तळव्यांची, खुर्चीवर अवघडून बसणारी. न्हावीही आला होता, स्वच्छ शर्ट घालून. “आज सरळ चालत आलो,” तो मला म्हणाला आणि शर्टाची बाही ओढत मागच्या खुर्चीवर जाऊन बसला.

एकेक जण उठून बोलला. कुणी म्हणालं, मावशीनं माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण इथंच, वाखाच्या ढिगाशेजारी केलं. कुणी म्हणालं, मावशीनं मला चोर ठरवून हाकललं आणि दुसऱ्या दिवशी चोरी सापडल्यावर माझ्या घरी येऊन, पोरांसमोर, माफी मागितली. एक म्हातारा रंगारी उठला. मागल्या वर्षी त्याच्या फळीचा एक दोर कप्पीत अडकून निसटला होता, सगळा भार दुसऱ्यावर आला.

“पाऊण तास लटकत होतो,” तो म्हणाला. “खाली बघवत नव्हतं म्हणून वर बघत होतो. आणि वर काय दिसत होतं? लाल धागा. म्हटलं, मावशीनं बघितलंय, आपल्याला काय होतंय!”

लोक हसले, डोळे पुसले. मी मांडीवर हात घट्ट धरून बसले होते. तो दोर मला आठवत होता. त्या लांबीचा आईनं पास केलेला दोर मी तोडला होता, आणि म्हाताऱ्याला दिला होता तो दुसराच.

मग दादा बोलायला उभा राहिला. त्यानं कागद आणला होता, पण दोन ओळींनंतर तो घडी करून खिशात टाकला.

“आईनं आजारी पडायच्या आदल्या तासाला चार दोर बघितले होते,” तो म्हणाला. “तिच्या हातचे शेवटचे. मी ते कुणालाच देणार नव्हतो. पण परवा मुकादम आले, टाकीच्या कामासाठी दोर हवे म्हणाले, आणि मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय? आज चार वाजता, ऊन उतरल्यावर, आईची नात आईच्या शेवटच्या दोरांवरून पाण्याच्या टाकीवर उतरेल. पहिला रंगाचा हात ती मारेल. आपण सगळे बघायला जाऊ.”

टाळ्या वाजल्या. खार पुढच्या रांगेत बसली होती. तिनं मागं वळून माझ्याकडे बघितलं आणि कोरड्या डोळ्यांनी हसली.

मी डाव्या खुंटीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती.

दीडशेत अकरा. माझं डोकं हिशेब करू लागलं, थांबेना. दीडशेत अकरा, म्हणजे चौदांत एक. चारांत किती? आणि ते दोन वर्षांचं झालं. शेवटच्या दोन महिन्यांत आईच्या हातातून कपसुद्धा निसटत होते. शेवटच्या चौदांत तीन निघाले होते. फळीचे दोन, कमरेचा एक, बादलीचा एक. एखादा खराब असलाच तर बादलीचा असू दे. बादलीचा असू दे, बादलीचा असू दे. मी मनात एवढंच म्हणत होते, आणि ओठ हलत असावेत, कारण वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. “रडून घ्या हो ताई,” ती म्हणाली.

चहा वाटप सुरू झालं तेव्हा मी मुकादमांना गाठलं. पन्नाशीचा माणूस, रंगानं नखं कायमची हिरवी झालेली.

“मुकादम, ते दोर परत द्या. मी नवे देते. चांगले, ताजे वळलेले.”

“आणि धागा?”

“धागा मी बांधते.”

त्यांना ओशाळल्यासारखं झालं. “ताई, राग मानू नका. मावशीचा धागा असताना तुमचा कशाला? तुमच्या हाताबद्दल काही म्हणणं नाही माझं. पण पोरं ऐकणार नाहीत. आणि दोर आता वर गेलेत. सकाळीच बांधले टाकीला.”

“मला एकदा बघू दे तरी.”

“काय बघता? मावशीनं बघितलंय!”

ही चाळीस माणसं चाळीस वर्षं हेच वाक्य म्हणत आली होती. मीही म्हटलं होतं, दोन वर्षांपूर्वीपर्यंत. त्यानंतर त्या वाक्याच्या पाठीमागं रोज पहाटे मी उभी राहिले होते, ते पडू नये म्हणून, आणि आता ते इतकं भक्कम झालं होतं की मला बाजूला होता येत नव्हतं.

दादाला मी मागच्या बाजूला नेलं, वाखाच्या गोण्यांमागं.

“दादा, ते दोर आपण ठेवून घेऊ. आठवण म्हणून. वापरले की झिजतील.”

“दोर का कपाटात ठेवायचे असतात? आईनं ऐकलं असतं तर कान पिळला असता तुझा.”

“मग तू कुठल्या खुंटीवरून घेतले?”

“म्हणजे?”

“डाव्या की उजव्या?”

“धागा होता ना. खुंटीचं काय?” त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघत माझा हात धरला. “तुला बरं नाही का? तळवे गार पडलेत तुझे.”

आता सांगते, असं मी ठरवलं. तोंडही उघडलं. तेवढ्यात तोच बोलायला लागला, गोणीवर बसून, लहान मुलासारखा.

“तुला माहीत नाही, तू लहान होतीस. बाबा गेल्यावर मला झोप यायची नाही. वाटायचं, छप्पर पडेल, खाट मोडेल, जमीन फाटेल. आई माझा हात धरून खाटेच्या दोऱ्यांवरून फिरवायची. म्हणायची, ‘हे बघ, मी बोटांनी बघितलंय, काही होत नाही.’ मग झोप लागायची. अजूनही, धाकटे, विमानात बसलो ना, तरी मनात तेच म्हणतो.” त्यानं नाक पुसलं. “आई गेली, पण ते गेलं नाही. बोल, तू काहीतरी सांगत होतीस.”

“काही नाही,” मी म्हटलं.

हे माझ्या तोंडून गेलं. मी जाऊ दिलं. पन्नाशी उलटलेली बाई, स्वतःची मुलगी फळीवर बसायला निघालीय, आणि मी भावाची झोप मोडू नये म्हणून गप्प बसले. त्याच्या झोपेसाठीच गप्प बसले का? मुकादम उद्या म्हणतील, दोन वर्षं आम्हाला आंधळ्या धाग्यावर टांगलंत. शेड बंद पडेल, आईचं नाव निघालं की लोक मान फिरवतील. हेही होतं त्यात. आणि दिलेला शब्द होता. आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत निर्लज्ज, एक आशा होती: चारही दोर चांगले असतील. आईनं शेवटचे म्हणून चांगलेच बघितले असतील. मला काही करावंच लागणार नाही.

साडेतीनला लोक निघाले. टाकी आमच्या रस्त्याच्या शेवटाला आहे, सहा खांबांवर उभी. वर गोल कठडा, आतल्या बाजूनं लोखंडी जिना. ऊन पलीकडे गेलं होतं आणि टाकीची सावली समोरच्या घरांवर पडली होती. खार केव्हाच वर पोचली होती; खालून तिच्या डोक्याचा पिवळा रुमाल दिसत होता. कठड्यावरून चार दोर खाली सोडलेले होते, वाऱ्यानं हलत होते. मी मान वर करून प्रत्येकाकडे बघितलं. दोर लांबून सगळे सारखेच दिसतात.

“कमरेचा कुठला?” मी मुकादमांना विचारलं.

“पोरगी घेईल कुठलाही. चारही मावशीचेच.”

मी जिन्याकडे चालू लागले.

“ताई, कुठं?”

“वर.”

“तुम्हाला स्टुलावर चढलं तरी चक्कर येते!”

“येऊ दे.”

लोखंडी जिना अरुंद होता, पायऱ्यांमधून खालची जमीन दिसायची. मी जमिनीकडे बघायचं नाही असं ठरवलं, पण पाय ठेवायला बघावंच लागत होतं. वीस पायऱ्यांनंतर श्वास संपला. चाळीस पायऱ्यांनंतर खालच्या माणसांचे चेहरे गेले, नुसती डोकी राहिली. माझे तळवे ओले झाले होते, गजांवरून सरकत होते. वडिलांनी पडताना काय पकडलं असेल? इतकी वर्षं मी हा विचार येऊ दिला नव्हता, तो तिथं, साठाव्या पायरीवर आला आणि माझ्याबरोबर चढू लागला. वरून खारीचं गुणगुणणं ऐकू येत होतं. आजीचंच होतं, पण चाल तिनं बदलली होती, जरा उडती केली होती.

मी कठड्यापाशी पोचले तेव्हा तिचा एक पाय कठड्याबाहेर होता.

“आई? तू?” ती दोन्ही हातांनी कठडा धरून माझ्याकडे बघत राहिली. मग हसत सुटली. “अगं, तू वर कशी? थांब, खाली ओरडून सांगू दे, कुणाला पटणार नाही!”

“आत ये.”

“का?”

“आधी आत ये.”

“आई, काहीतरीच काय? सगळे खाली उभे आहेत. मामा बघ, रुमाल हलवतोय.”

“मला स्वप्न पडलं,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. “वाईट स्वप्न. आज नको.”

“तुला रोज स्वप्नं पडतात. मी शाळेच्या सहलीला गेले तेव्हाही पडलं होतं, बस नदीत गेल्याचं. त्या गावात नदीच नव्हती.” तिनं कमरेचा दोर उचलला, पट्ट्याच्या कडीत घातला, गाठ ओढून बघितली. “घाबरू नकोस गं. बघ ना, कुणाचा धागा आहे.”

मी गुडघ्यांवर बसले. कठड्याच्या गजांमधून हात घातला आणि तिच्या कमरेचा दोर पकडला, डोळे मिटले. एक हात दोर मला तपासता आला, दोन हात. त्यात काही नव्हतं. पुढचा दोर कठड्याबाहेर लोंबत होता, साठ फूट, माझ्या हाताच्या पलीकडे. फळीच्या दोन्ही दोरांपर्यंत तर बोटंही पोचेनात. वारा आला, दोर माझ्या मुठीत हलला, जिवंत असल्यासारखा. मी तो सोडेना.

“आई, सोड. हात कापेल.”

“नाही सोडत.”

“अगं, खाली सगळे बघतायत. मुकादम उद्या मला चिडवतील, आईनं शेपूट धरून ठेवलं म्हणून.”

“चिडवू देत.”

तिचं हसू गेलं. बाहेरचा पाय फळीवर टेकलेला, आतला अजून माझ्या बाजूला, अशी ती अर्धी उभी राहिली. तिचा चेहरा अगदी जवळ होता. तिच्या भुवयांवर गेल्या कामाचा पांढरा रंग तसाच होता. तिचा पाय स्थिर होता. जराही हलत नव्हता. इतका स्थिर पाय, आणि तो मीच हलवायचा होता.

“आई,” ती हळू आवाजात म्हणाली, “मला तीन आठवड्यांत एकदाही रडू आलं नाही. फळीवर बसले की येईल, असं वाटतंय. आजीचा शेवटचा दोर आहे. तिचा हात आहे गं यावर. मला जाऊ दे.”

आणि तिनं आतला पाय उचलला.

“तिच्या हाताला कळत नव्हतं,” मी म्हटलं.

पाय तसाच हवेत राहिला.

“काय?”

“आजीच्या बोटांत जीव राहिला नव्हता. दोन वर्षं. उकळतं पातेलं धरलं तरी तिला कळायचं नाही. तिनं पास केलेला दोर मी रोज पहाटे पुन्हा बघायचे. तू झोपलेली असायचीस. अकरा दोर काढले मी तिचा धागा सोडून, त्यातले दोन तुझ्यासाठी ठेवलेले होते. तुला सांगणार नाही असा शब्द दिला होता तिला. तू घाबरशील म्हणून. घाबर, बाळा. घाबर आणि आत ये. हे चार तिनं एकटीनं बघितलेत. यांना माझा हात लागलेला नाही.”